दुसऱ्याच्या तोंडाचा नवस

हऱ्या,

तुझे दिवस झाले. तेराव्याची माणसं जेवून गेली, भांडी घासून पालथी पडली, आणि ओटीवर उरलो मी आणि तुझा अडकित्ता. मला लिहायची सवय नाही. मराठी तिसरी झाली आणि बाबांनी रहाटावर बसवलं. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती पानांच्या करंडीवर खूण करायला. तरी बसलो आहे. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं आणि दुसऱ्या कुणाशी ते भांडता येत नाही. तुझी वहिनी म्हणते, पडा जरा. पडून काय करू? पडलं की छपराकडे बघावं लागतं.

माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेली. हरीभाऊ म्हणजे देवमाणूस, हरीभाऊंनी कधी कुणाला दुखवलं नाही. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, ह्या देवमाणसानं सख्ख्या भावाच्या तोंडातला विडा परस्पर देवीला वाहिला, ते ह्यांना विचारा. पण ते सगळ्यांना ठाऊकच आहे. वसईतल्या होळी बाजारात आजही कुणी दुसऱ्याच्या जिवावर उदार झाला की म्हणतात, काय रे, हरीचा नवस बोलतोस काय?

स्वराज्य आलं, देशाचे दोन झाले, आणि आपल्या पानांची सरहद्दीपलीकडची वाट बंद झाली. वेली काय, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वाढतच होत्या. मग राजकोटच्या व्यापाऱ्यानं हात दिला. आगगाडीनं गेलेली पानं पोचेपर्यंत काळी पडायची, म्हणून त्यानं ती विमानानं न्यायचं काढलं, आणि म्हणाला, वाडीतल्या एकानं सोबत येऊन पानं कशी उतरवायची, कशी ओली ठेवायची, ते माझ्या माणसांना दाखवावं. थोरला म्हणून मलाच पहिलं विचारलं. मी म्हटलं, ज्याला टेकायला पाय नाहीत त्यात मी बसत नाही. तू म्हणालास, "होडीला कुठे पाय असतात, दादा?" आणि धुतलेलं धोतर नेसून तूच निघालास.

त्या दिवशी मी रहाटापाशी होतो. ऊन चढलं होतं, रेडा आपल्या चालीनं फिरत होता. विमानाचा आवाज आपल्याला नवा नव्हता. दोन्ही पंखे एका सुरात घुमायचे, मान वर करायचंही कारण नसायचं. त्या दिवशी उत्तरेकडून आवाज आला तो लंगडा. मान वर केली. विमान इतकं खाली आलेलं की त्याची सावली केळीवरून गेली. एका बाजूचा पंखा फिरत होता आणि दुसरा उभा, रेडा सोडल्यावर रहाट उभा राहतो तसा. पलीकडच्या वाडीतून इनास ओरडला, "अरे दामू, एका पायावर चाललंय रे हे!"

मी म्हटलं, "चाललंय ना? मग झालं."

आणि कमरेची चंची सोडून पान जुळवायला घेतलं. मला काय ठाऊक तू त्यात आहेस? तू सकाळी उत्तरेला गेलेला, आणि हे उत्तरेकडून येत होतं. माझ्या समजुतीनं तू राजकोटला पोचून त्या व्यापाऱ्याकडे पुरणपोळी नाहीतर त्यांचं जे काय असतं ते जेवत होतास.

संध्याकाळी तू दारात उभा. चेहरा पिठासारखा पांढरा. पाय धुतले नाहीस, पाणी मागितलं नाहीस. माझ्याकडे बोट करून पहिलं काय बोललास?

"दादा, थुंक ते."

"काय?"

"पान. आधी थुंक. मग सांगतो."

मी म्हटलं, "विमानातून पडलास की काय डोक्यावर?"

"पडलो नाही, म्हणूनच म्हणतोय. थुंक!"

मी थुंकलो नाही. रंगलेला विडा असा कुणाच्या सांगण्यावरून मी थुंकत नसतो. तुझी वहिनी पाणी घेऊन आली, तुझी बायको यमुना दाराआड उभी राहिली, आणि तू ओटीच्या कडेला बसून सगळं सांगितलंस. समुद्रावर असताना आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग विमानाच्या पंखावरून तेलाचा काळा ओघळ निघाला. मग फिरत्या पंख्याची पाती एक एक दिसायला लागली. "दादा, फिरताना जे दिसत नाही ते थांबलं की दिसतं. आणि दिसू नये असं वाटतं," हे तुझे शब्द. मग विमान एका अंगावर कलतं होऊन मागे वळलं. आतली मुलगी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटत होती आणि एक गोळी तिनं आपल्याच तोंडात टाकली. तुझ्या शेजारच्या शेटजींनी देवाला तुपाचा डबा बोलला. पुढच्या बाईंनी पायातली चांदी बोलली. जो तो आपापल्या देवाशी बोलत होता.

"आणि खिडकीतून आपला जीवदानी देवीचा डोंगर दिसला," तू म्हणालास. "म्हटलं, बोलायचं तर आत्ता. पण बोलू काय? मी विडी ओढत नाही, ताडी घेत नाही, मटण तर मला लहानपणापासून जात नाही. सोडण्यासारखं माझ्यापाशी होतंच काय? आपल्या घरात सोडण्यासारखी एकच वस्तू होती."

"कोणती?"

"तुझं पान."

दाराआड बांगड्या वाजल्या. यमुना हसली की कपाळाला हात लावला, ते कळलं नाही. मला आधी हसू आलं, मग राग आला. मी म्हटलं, "तोंड माझं, पान माझं, वेल मी लावलेली. तू कोण नवस बोलणारा?"

"भाऊ," तू म्हणालास.

मी उठून मागल्या दारी गेलो आणि दुसरा विडा लावला.

त्या दिवसापासून आपल्या घरात कोर्ट बसलं ते उठलंच नाही. माझं म्हणणं मी शेवटपर्यंत सोडलेलं नाही, आजही सोडत नाही. तू वर नवस बोलत होतास त्याच वेळी मी खाली विडा तोंडात घालत होतो. देवीला तो नवस हवा असता, तर तिनं विमान तिथेच सोडलं नसतं का? माझं तोंड भरलेलं असताना ती तुम्हाला सुखरूप घेऊन गेली. म्हणजे तिला माझ्या पानाचं काही नव्हतं. ह्यात काय चुकलं? तू म्हणायचास, "देवी आधी देते, मग वाट बघते." मी म्हणायचो, बघू दे. डोंगरावर तिला दुसरं काम काय आहे?

इनासला पंच केला तर तो म्हणाला, "आमच्यातपण नवस असतात. मेणबत्ती बोलतात, अनवाणी चालायचं बोलतात. पण दुसऱ्याच्या तोंडाचा नवस पाद्रीनं ऐकून घेतलेला मी बघितला नाय." मी म्हटलं, ऐक! त्यावर तू म्हणालास, "इनास, तुझा पाद्री कधी एका पंख्याच्या विमानात बसलाय का?" इनास इतका हसला की बांधावरून खाली बसला, आणि खटला तिथेच बुडाला.

दुसरा खटला विहिरीचा. तू म्हणायचास, डोंगर मागे पडला, नवस बोलून होतो न होतो तोच खाली वसई आली, पुढे लांब किल्ला दिसला, पाचूबंदरच्या होड्या दिसल्या, आणि बरोबर खाली आपली वाडी. विहीर दिसली, रेडा दिसला, आणि बंडीतला दादा दिसला, मान वर केलेला. "आणि तू तोंडात पान घालत होतास! मी काचेवर हात आपटून ओरडलो, दादा, नको!" मी म्हणायचो, थापा. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही, पान काय दिसतंय. तू शपथ घ्यायचास. मी म्हणायचो, शपथही दुसऱ्याच्याच नावानं घेत असशील.

हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण त्या व्यापाऱ्याचं पुन्हा बोलावणं आलं आणि तू पुन्हा निघालास. तेव्हा मी आडवा आलो. म्हटलं, "एकदा वाचलास तेवढं पुरे. विमान सोड."

तू पिशवी खांद्याला लावत म्हणालास, "तू पान सोड, मी विमान सोडतो."

यमुनाचा डोळा माझ्यावर होता, तिच्या पदराआडूनसुद्धा मला तो लागत होता. एक शब्द बोललो असतो तर तू पिशवी खाली ठेवली असतीस. पण असं पायात दोरी बांधून कुणी मला बोलायला लावलं की माझी जीभ वळत नाही. तुला ते ठाऊक होतं, तरी तसंच लावलंस. तू गेलास. मग जातच राहिलास.

आता एक सांगतो, ते तुझ्या वहिनीलाही मी सांगितलेलं नाही. तिला ठाऊक असेल, तिला सगळं ठाऊक असतं. तू विमानात असलास की मी चंची खुंटीला लावायचो. नवसासाठी नाही. मला नवस मान्य नाही. पण कान वर लावून बसलेल्या माणसाला चघळणं जमत नाही, आपल्याच जबड्याचा आवाज मध्ये येतो. दोन्ही पंखे वाजत गेले, दोन्ही वाजत आले, तू ओटीवर चढलास, की मग मी चंची काढायचो. आणि तू पाय धुऊन येऊन म्हणायचास, "आण इकडे, मी लावतो."

हे तर मला कधी उलगडलं नाही. माझ्या पानावर नवस बोललेला माणूस रोज दुपारी माझं पान लावायचा. देठ खुडायचास, शिरा काढायचास, चुना नखाएवढा, सुपारी अशी कातरायचास की दाताला कळायची नाही. स्वतः कधी पानाचा तुकडा तोंडात घातला नाहीस. मी म्हणायचो, "हातानं नवस मोडतोस आणि तोंडानं मला बोलतोस, लाज नाही वाटत?" तू म्हणायचास, "तुझ्या हातचा विडा बघवत नाही, दादा. गवताची पेंढी बांधल्यासारखा बांधतोस." माझ्या जन्मात मी तुझ्यासारखा विडा खाल्लेला नाही, पुढे खाणार नाही. जिवंतपणी हे म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू त्यातूनही काही तरी मागितलं असतंस.

आणि तुला विमान आवडायला लागलं होतं. भीतीनं सुरुवात झाली आणि माया जडली. मिठागरं वरून आरशाच्या तुकड्यांसारखी दिसतात, सांगायचास. समुद्राला कडेनं पांढरी किनार असते आणि ती हलत नाही, ठरलेली दिसते, सांगायचास. कळंबच्या रेतीवर ओढलेल्या होड्या म्हणजे कुणी सुपारीची खांडं मांडून ठेवलीत. पन्नाशी उलटलेला माणूस, खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून रुसून घरी यायचा. यमुना दाराआडून म्हणायची, "सासर लागलंय त्यांना आभाळात."

मग एका वर्षी तू जायचं बंद केलंस. विचारलं तर म्हणालास, "राजकोटच्या माणसांना आता जमतं सगळं. माझं काय काम?" मला बरं वाटलं. मी विषय वाढवला नाही. फक्त एक बघत होतो. दुपारी विडा लावत असताना वरून विमान गेलं की तुझा अडकित्ता थांबायचा. आवाज पार समुद्राकडे विरेपर्यंत सुपारी तशीच अर्धी धरलेली असायची. मग पुन्हा कटकट सुरू. मी विचारलं नाही. आपण दोघं एका ओटीवर आयुष्य काढलं, आणि विचारायचं ते कधी विचारलं नाही. भांडायचं तेवढं भांडलो.

शेवटी विमानानं तुला नेलं नाही, समुद्रानं नेलं नाही, साध्या तापानं नेलं. एका सणक्यात. वाडीतून येऊन अंथरुणाला लागलास ते उठलाच नाहीस. ग्लानीतही तुझी बोटं पांघरुणाचे देठ खुडत होती.

भावकीत कुजबुज झाली. मी बहिरा नाही. राहिलेला नवस म्हणे, तोच बाधला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दहाव्याला तळ्यावर कावळा शिवेना तेव्हा सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पिंड मांडलेले, कावळे समोरच्या पांगाऱ्यावर बसून बघत होते, खाली एकही येईना. कुणी म्हणालं, हरीभाऊ, वाडी पडीक पडू देणार नाही. कुणी म्हणालं, यमुनाला काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. भटजींनी उन्हाकडे बघितलं. इनास लांब टोपी हातात घेऊन उभा होता, तोही मान खाली घालून. मग आपला सदूकाका काठी टेकत पुढे आला.

"दामू, बोल की आता. काय बोलायचं ते तुलाच ठाऊक आहे."

मी म्हटलं, "नाही."

"अरे, सख्खा भाऊ खोळंबलाय तिकडे. एका पानासाठी?"

"कावळ्याच्या धाकानं मी शब्द देत नाही, काका."

असं समजू नकोस की मला काही वाटत नव्हतं. तू खरंच त्या फांदीवर बसून वाट बघत असलास तर, हे माझ्या मनात आलंच नाही असं नाही. पण मग दुसरं मनात आलं. विडा माझ्या हातात देताना तू दर दुपारी माझ्या तोंडाकडे बघायचास, रंगतोय की नाही ते. तो माणूस माझ्याकडून हे मागायला कावळा होऊन येईल? मला पटेना. भटजींनी दर्भाचा कावळा केला, शिववला, विधी उरकला. माणसं मला टाळून पुढे गेली. घरापर्यंतची वाट एवढी लांब मी कधी चाललो नव्हतो. इनास मात्र मागून येत राहिला, फाटकापर्यंत.

घरी आलो, ओटीवर टेकलो. आणि यमुना बाहेर आली.

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी दाराआडून बोलली. त्या दिवशी समोर येऊन बसली, सरळ तोंडाकडे बघितलं.

"दादा, तळ्यावर बोललात का?"

"नाही."

"बरं केलंत."

मला वाटलं, दुःखानं भ्रमली. ती म्हणाली, "पान सोडू नका. नवस फिटलाय तो."

"कुणी फेडला?"

"त्यांनीच. विमान सोडलं तेव्हा."

मग सांगितलं तिनं. तू दर वर्षी डोंगर चढायचास, मला वाटायचं दर्शनाला. देवीपुढे उभा राहून तू मुदत मागायचास म्हणे. यंदाचं वर्ष सांभाळून घे, माझा दादा हट्टी आहे, पुढल्या वर्षी बघतो. असं वर्षामागून वर्ष. आणि मग एका वर्षी यमुनाच्या देखत म्हणालास, "आई, तेव्हा माझ्यापाशी सोडण्यासारखं काही नव्हतं म्हणून दादाचं बोललो. आता आहे. दादाचं पान त्याला राहू दे, माझं विमान घे." आणि डोंगर उतरताना एकटाच हसत होतास म्हणे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

यमुना म्हणाली, "म्हणायचे, सांगू नकोस. कळलं तर हट्टानं पान सोडील."

हऱ्या, जिंकू दिलंस मला. एवढी वर्षं मी ओटीवर पाय पसरून बसलो, माझंच खरं झालं म्हणून. आणि तू समोर बसून माझा विडा लावत होतास, वरच्या आवाजाला अडकित्ता थांबवून. मला राग आला तो कुणावर काढू? आता सोडूही शकत नाही. सोडलं तर तुझं विमान फुकट गेलं. खाल्लं तर तुझा थांबलेला अडकित्ता दिसतो. अशा पेचात शत्रूही कुणाला घालत नाही, भाऊच घालतो.

यमुनानं तुझा अडकित्ता घेतला आणि विडा लावला. सुपारी जाड झाली, चुना जास्त लागला. विडा मुठीत धरून वाडीत गेलो, रहाटापाशी उभा राहिलो. खांबावर एक कावळा बसला होता. तो तू होतास असं मी म्हणणार नाही. मी तसल्यातला नाही. हड् म्हटलं, तर गेलाही नाही. मग मी विडा तोंडात घातला. जीभ भाजली.

आज फार थकलोय. उद्यापासून वाढलेल्या वेली खाली उतरवून पुन्हा मातीत दाबायच्या आहेत, आणि पानं तू लावायचास तशी करंडीत लावायला मलाच शिकायचं आहे. रोज ऊन चढलं की मी रहाटापाशी असेन. वरून विहीर दिसते असं तुझं म्हणणं होतं. माझं म्हणणं, दिसत नाही. दिसत असेल तर बघ. बंडी तीच आहे, मान वर आहे, आणि तोंडात पान आहे.